दात्याने मागितलेल्या ठिकाणी

चंदगड आगारातल्या कर्मचाऱ्यांचे रक्तनमुने पुण्याला तपासायला गेले, तेव्हा यंत्राने रत्नमाला गावडेचा नमुना तीन वेळा बाजूला काढला. नमुन्यांची अदलाबदल झाली असावी, असं यंत्राचं म्हणणं होतं. बाई पन्नाशीची, दिवसभर उभ्याने कंडक्टरकी करणारी, साखर अगदी जागच्या जागी. आणि रक्तात मधुमेहाची चाहूल देणारी चारही प्रतिपिंडं. अशा माणसाला लहानपणीच मधुमेह व्हायला हवा होता. पन्नास वर्षं तो न होता कुणी हिंडतंफिरतं आहे, हे यंत्राला शिकवलेल्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

तिथल्या प्रयोगशाळेतल्या डॉ. नाझनीन मुल्लाने नाव वाचलं आणि ती खुर्चीतून उठलीच. नेसरीहून गडहिंग्लजच्या शाळेला जाताना पाच वर्षं तिने याच बाईंकडून पास तपासून घेतला होता. घरातून निघायला उशीर झाला, तर याच बाई ड्रायव्हरला सांगून गाडी दोन मिनिटं थांबवून धरायच्या. दुसऱ्या दिवशी नाझनीन चंदगडला पोहोचली आणि आगाराच्या कँटीनमध्ये रत्नमालेसमोर बसली.

"मावशी, तुमच्या घरात लहानपणी कुणाला साखर होती का?"

रत्नमालेने चहाचा पेला खाली ठेवला. चाळीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

तिचा धाकटा भाऊ अनंत, घरातला अंतू, आठ वर्षांचा असताना गेला. दोन महिने तो सारखा पाणी प्यायचा, सारखा उठायचा, आणि बघता बघता वाळून काडी झाला. जंत झाले असतील म्हणून औषध दिलं गेलं. एके दिवशी भर दुपारी तो धापा टाकायला लागला, त्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला, तेव्हा त्याला बेळगावला न्यायला जीप शोधली. जीप मिळायला तीन तास लागले. शिनोळीच्या अलीकडे रत्नमालेच्या मांडीवर त्याने मान टाकली. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

हे सगळं तिने तिकीट फाडून द्यावं तसं कोरडेपणाने सांगितलं. मग नाझनीनने आपलं सांगितलं.

शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. कधी कधी त्यांतल्या काहींची ओळखण्यात चूक होते आणि त्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर तुटून पडतात. इन्सुलिन तयार करतात त्या याच बीटा पेशी. त्या संपल्या की जन्मभर सुई. हा हल्ला काही एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं चालतो, आणि रक्तातली प्रतिपिंडं म्हणजे त्याचा पहिला पुरावा. पण शरीरात आणखीही एका जातीच्या पेशी असतात, नियामक पेशी. चुकीच्या जागी लढायला निघालेल्यांना अडवणं, गप्प बसवणं हे त्यांचं काम. बहुतेक आजारी मुलांमध्ये या पेशी थकतात, कमी पडतात. काही वेळा तर त्याच उलटून हल्लेखोरांना सामील होतात.

"तुमच्या थकल्या नाहीत," नाझनीन म्हणाली. "हल्ला तुमच्यावरही झालाय, मावशी. अंतूवर झाला तसाच. तुमच्या पेशी तो पन्नास वर्षं रोज अडवतायत."

 रत्नमालेने एवढंच विचारलं की, या पेशी दुसऱ्याच्या अंगात घातल्या तर तिथेही अडवतील का.

त्याच प्रश्नाचं उत्तर शोधायला तर नाझनीन आली होती.

*

पुण्याच्या पेशीसंधान संस्थेने पुढच्या तीन वर्षांत ते उत्तर शोधून काढलं. रत्नमालेच्या नियामक पेशी रक्तातून वेगळ्या काढायच्या, परक्या शरीराला त्या परक्या वाटू नयेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागावरच्या ओळखीच्या खुणा पुसायच्या, बीटा पेशींची राखण करायला त्यांना शिकवायचं, वाढवायचं आणि धोक्यात असलेल्या मुलाच्या शिरेतून सोडायचं. आधीच्या औषधांनी हा आजार दोन-तीन वर्षं लांबायचा. या पेशी मिळालेल्या पहिल्या चाळीस मुलांपैकी अडतीस जणांना तो झालाच नाही.

एक अडचण मात्र सुटली नाही. प्रयोगशाळेत या पेशी ठरावीक वेळाच दुप्पट होत. त्यापुढे वाढवल्या की त्यांचा स्वभाव बिघडे. त्यामुळे दर तीन महिन्यांनी ताजं रक्त लागायचं. जगात आणखी पाच-सहा दाते सापडले होते, पण इतक्या टिकाऊ पेशी कुणाच्याच नव्हत्या. दर तीन महिन्यांनी रत्नमाला रजा टाकून पुण्याला जाई, दोन्ही हातांत सुया घेऊन चार तास यंत्राशेजारी पडून राही आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर होई. दात्याचं नाव गुप्त ठेवायचा नियम होता. तिचा नवरा जाऊन सात वर्षं झाली होती आणि मुलगी पणजीला होती. त्या मुलीशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.

पारगडच्या गाडीत नारायण गवस भेटला, त्यालाही ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. नारायण इसापूरचा, वनखात्यात वनमजूर. नवव्या वर्षापासून इन्सुलिन घेणारा. घाटात गव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता म्हणून गाडी थांबली होती, तेव्हा तो तिच्या सीटशी येऊन उभा राहिला. त्याच्या नऊ वर्षांच्या मैथिलीच्या रक्तात दोन प्रतिपिंडं सापडली होती आणि जेवणानंतरची साखर हलायला लागली होती. नव्या पेशी निघाल्यात असं ऐकून त्याने पुण्याला अर्ज केला होता. अर्ज परत आला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, अंतर.

"लांब राहतो म्हणे आम्ही," नारायण म्हणाला. "पोरीचं रक्त बरोबर बसतंय, वय बसतंय. गाव बसत न्हाई."

रत्नमालेने त्याला तिकीट दिलं. पुढच्या दोन थांब्यांना घंटी मारायची ती विसरली.

*

संस्थेचे संचालक डॉ. कर्णिक सभ्य गृहस्थ होते. तिला आत घेताना ते स्वतः दारापर्यंत आले. नियम त्यांनी नीट समजावून सांगितला. पेशी दिल्यावर पहिले नव्वद दिवस मुलाची प्रतिकारशक्ती कधी कधी एकदम खाली येते. साधा ताप काही तासांत जीवावर बेतू शकतो. दोन मुलं केवळ मंजूर केंद्र जवळ होतं म्हणून वाचली होती. म्हणून केंद्रापासून दोन तासांच्या आत राहणाऱ्या मुलांनाच उपचार. केंद्रं होती पुणे, मुंबई, नाशिक आणि नागपूरला. चंदगडहून जवळ म्हणावं असं त्यातलं एकही नव्हतं.

तिने विचारलं, मग आमच्याकडे केंद्र कधी होणार. तीन वर्षं तरी नाही, असं कर्णिक म्हणाले. मैथिलीला तेवढे महिनेही नव्हते, हे दोघांनाही कळत होतं. नव्वद दिवस कुटुंबाने पुण्यात येऊन राहावं, असं त्यांनी सुचवलं. नारायणची नोकरी गावात होती, घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, आणि तालुक्याच्या त्या कोपऱ्यात मैथिलीसारखी आणखी तीन मुलं होती. हे सगळं रत्नमालेने सांगितलं. कर्णिकांनी ऐकून घेतलं, हळहळले आणि म्हणाले की नियम सगळ्यांना सारखाच असतो.

जाताना तिने आपल्या करारपत्राची प्रत मागितली. ती तिच्याकडे घरी होती, पण कुठे ठेवली होती ते आठवत नव्हतं.

चाळीस पानं होती. तिने ती परतीच्या गाडीत निपाणीपर्यंत वाचली आणि घरी आल्यावर पुन्हा वाचली. तीस वर्षांच्या नोकरीत तिने प्रवाशांशी, चेकरशी आणि साहेबांशी भांडताना नियमांचं पुस्तक नेहमी हातात ठेवलं होतं. शिव्या कुणीही देतो, कलम दाखवलं की माणूस थांबतो, हे तिला माहीत होतं. सतरावं कलम तिने पेनाने अधोरेखित केलं. पेशी-संकलन दात्याने मागितलेल्या ठिकाणी करण्यात येईल आणि तेथे सर्व वैद्यकीय सोयी पुरवण्याची जबाबदारी संस्थेची राहील. वयस्कर दात्यांना दगदग नको म्हणून कुणीतरी ते घातलं असावं. शेवटी जोडलेल्या परिशिष्टात त्या सोयी दिल्या होत्या. अतिदक्षतेच्या दोन खाटा, एक तज्ज्ञ डॉक्टर, दोन प्रशिक्षित परिचारिका, सुसज्ज रुग्णवाहिका, पेशी गोठवून ठेवायची टाकी. त्याच्या खालची ओळ अशी की, जिथे संकलन होईल ते ठिकाण पुढचं वर्षभर मंजूर केंद्र धरलं जाईल.

तिने पत्र लिहिलं. चौदा तारखेला सकाळी आठ वाजता आपण चंदगडच्या सरकारी रुग्णालयात रक्त द्यायला हजर असू. खाली सही आणि बिल्ला क्रमांक.

*

दोन दिवसांनी नाझनीनचा फोन आला. आवाज बसलेला होता. चौदा तारखेच्या पेशींसाठी एकतीस मुलं थांबली होती, असं ती म्हणाली. दोन आठवड्यांत चंदगडला एवढं सगळं उभं करणं शक्य नव्हतं. कर्णिक सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की, बाईंनी मुलांना ओलीस धरलंय.

"मी नाही म्हटलंय का?" रत्नमालेने विचारलं. "मी वेळ दिलीय, जागा दिलीय."

"मावशी, त्या एकतीस पोरांचा काय दोष?"

"काही दोष नाही. मैथिलीचा काय आहे, ते तू सांग."

 नाझनीन म्हणाली, एखादं मूल या दिवसांत हातचं गेलं तर.

या प्रश्नावर रत्नमाला दोन रात्री झोपली नव्हती. तिने तो टाळला नाही. मूल हातचं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला मांडीवर घेऊन कळलंय, असं ती म्हणाली. यादीतली एकतीस मुलं तरी कुणी मोजतंय. यादीबाहेरची किती गेली, ते मोजायला कुणी बसलेलंसुद्धा नाही. "तू त्यांची आकडेवारी मला आणून दे," ती म्हणाली, "मी चौदाला पुण्याला येते."

तशी आकडेवारी नव्हतीच. नाझनीनने फोन ठेवला. ती चिडलेली होती आणि ते तिने लपवलंही नाही.

चौदा तारखेला सकाळी आठला रत्नमाला रुग्णालयाच्या बाकावर जाऊन बसली. गणवेशातच होती, डाव्या हाताची बाही वर केलेली. संध्याकाळी पाचपर्यंत कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही ती बसली. साठवलेली सगळी अर्जित रजा तिने टाकली होती. तिसऱ्या दिवशी आगारातल्या बायकांनी विचारलं, तेव्हा तिने गुप्ततेचा नियम मोडला आणि खरं काय ते सांगितलं. आपल्या नावाची गुप्तता आपल्या सोयीसाठी आहे, नको असेल तर ती आपण सोडू शकतो, हेही करारात होतं. चौथ्या दिवशी नारायण गवस आला. शेजारी बसला. त्याच्या मागोमाग त्या तीन मुलांचे आईबापही आले. आठवडा संपेपर्यंत बाकावर जागा उरली नाही आणि लोक व्हरांड्यात बसायला लागले. कुणी घोषणा दिल्या नाहीत. रत्नमालेने तसं सांगूनच ठेवलं होतं. आतमध्ये आजारी माणसं आहेत, असं ती म्हणाली होती.

एका बातमीदाराने तिला विचारलं की, विज्ञानाची अडवणूक केल्यासारखं वाटत नाही का.

"विज्ञान माझ्या अंगात आहे," ती म्हणाली. "ते कुठे उतरवायचं, एवढंच मी सांगतेय."

विसाव्या दिवशी दुपारी एक मोठा पांढरा ट्रक आणि त्यामागे रुग्णवाहिका रुग्णालयाच्या फाटकातून आत आली. पुढच्या सीटवर नाझनीन होती. ट्रकमधून यंत्र उतरलं, टाकी उतरली, खाटा उतरल्या. डॉ. कर्णिकांनी सरकारी कचेरीत स्वतः दोन दिवस बसून परवानगी मिळवली होती. हे नाझनीनने सांगितलं तेव्हा रत्नमालेला त्यांच्याविषयी पहिल्यांदाच बरं वाटलं.

त्याच दुपारी तिने चार तास रक्त दिलं. सगळं संपल्यावर नाझनीन पट्टी बांधायला बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "एक मुलगा गेला यादीतून. नाशिकचा. अठ्ठावीस तारखेला साखर वर गेली, ती खाली आलीच नाही. सुई सुरू केली."

बीटा पेशी इतक्या संपल्यावर पाठवलेल्या राखणदारांना राखायला काही उरत नाही. हे रत्नमालेला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पेशी वेळेवर मिळाल्या असत्या तरी कदाचित असंच झालं असतं, कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, असं नाझनीन पुढे म्हणाली. तिचा राग विरला होता. तिला मावशीला सावरायचं होतं.

"ते राहू दे," रत्नमाला म्हणाली. "त्याचं नाव सांग."

*

मुलाचं नाव कौस्तुभ सोनवणे होतं. वय वर्षं दहा. नाझनीनने त्याच्या आईला आधी विचारलं. आई म्हणाली, येऊ दे. सुट्टीच्या दिवशी रत्नमाला तीन गाड्या बदलून नाशिकला गेली.

आईने, ऋजुता सोनवणेने, दार उघडलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. रत्नमालेने येण्याचं कारण सांगितलं. आपण काय केलं, का केलं हे एकेका वाक्यात सांगितलं आणि थांबली. माफ करा, असं ती म्हणाली नाही. तेच पुन्हा करावं लागलं तर आपण करू, हे तिला माहीत होतं, आणि मग त्या शब्दाला काही अर्थ राहिला नसता.

आतल्या खोलीतून मुलगा आला. दंडावर साखर मोजायची गोल पट्टी होती.

"त्या पेशी तुमच्या आहेत का?" त्याने विचारलं.

"हो."

"मला आता त्यांचा उपयोग नाही ना?"

"नाही," रत्नमाला म्हणाली.

खोटं बोलली नाही म्हणून असेल, मुलाने मान हलवली आणि आत गेला.  तुमच्या बाजूला मी असते तर काय केलं असतं हे मला कळत नाही, असं ऋजुता म्हणाली. आणि मग, "तुम्ही आलात ते बरं केलंत. पण पुन्हा येऊ नका."

रत्नमाला उठली. परतीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली आणि पुणे येईपर्यंत रडली. रडून झाल्यावर पिशवीतून डायरी काढली आणि नियामक पेशींसाठी मुलं कुठे कुठे थांबली आहेत, ते लिहायला घेतलं. नाझनीनकडून तिने नकाशा मागवला होता. ज्या तालुक्यांपासून केंद्र दोन तासांपेक्षा लांब होतं, ते त्यावर कोरे सोडलेले होते. कोरी जागाच जास्त होती.

*

ताज्या पेशी तयार व्हायला दहा दिवस लागले. मैथिली गवसला त्या चंदगडच्याच रुग्णालयात, शाळेच्या सहामाही परीक्षेनंतरच्या सोमवारी दिल्या. वीस मिनिटांचं काम. पिशवीत जेमतेम अर्धी वाटी धुरकट पाणी दिसत होतं. हे एवढंच का, असं मैथिलीने विचारलं. नारायणने तिचा दुसरा हात धरून ठेवला होता, तिला त्याची गरज नव्हती तरी. नवव्या दिवशी तिला ताप आला. रुग्णवाहिका इसापूरला पन्नास मिनिटांत पोहोचली, दोन दिवसांनी ताप उतरला. नव्वद दिवस झाले तेव्हा मैथिलीची साखर पुन्हा तिच्या वयाच्या कुठल्याही पोरीसारखी झाली होती. तालुक्यातल्या उरलेल्या तिघांनाही पेशी मिळाल्या. मधल्या काळात पुढच्या वेळचं रक्तही रत्नमालेने चंदगडलाच दिलं.

कर्णिकांनी रत्नमालेला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. चंदगड केंद्र आता कायम ठेवण्याचा विचार आहे, पुढचं संकलनही तिथेच सोयीचं पडेल, असं त्यात होतं.

तिचं उत्तर त्याच आठवड्यात गेलं. पुढचं रक्त आपण नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगावच्या सरकारी रुग्णालयात देणार आहोत. कलम सतरा.

पत्र मिळालं त्या सकाळी कर्णिकांचा फोन आला. गाडी हेऱ्याच्या थांब्यावर होती. तिने ड्रायव्हरला हाताने थांबायची खूण केली आणि खाली उतरून झाडाखाली उभी राहिली. एवढ्या आडवाटेला यंत्र न्यायचं, तर किती तयारी लागेल याची तिला कल्पना आहे का, असं ते विचारत होते. आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता.

"आहे," ती म्हणाली. "म्हणून या वेळी तीन महिने आधी कळवलंय. मागच्या वेळी मी दोन आठवडे दिले, ती माझी चूक. त्या चुकीचं नाव मला पाठ आहे. आता तुम्ही उद्यापासून कामाला लागा. यादीतल्या एकाही पोराचा एक दिवस जाता कामा नये."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी धडगावला जाऊन बसेन. तिथे बाक नसेल तर जमिनीवर."

 गाडीतली माणसं खिडकीतून बघत होती. एका म्हातारीने विचारलं, काय झालं म्हणून. रत्नमालेने तिला हाताने थांबवलं.

"धडगावनंतर चंदगडला परत याल ना, गावडेबाई?" कर्णिकांनी शेवटी विचारलं.

"चंदगडला केंद्र झालंय की, साहेब," ती म्हणाली. "धडगावनंतर भामरागड, त्यानंतर किनवट. लिहून घ्या, सांगते."